डिशवॉशरला लाइटच येत नाही, सॉकेटमध्ये टेस्टर मात्र पेटतो

राजेंद्रनगर_इंदूर | शनिवार, सकाळी ८.४०

डिशवॉशर काल रात्रीपासून सुरू होत नाहीये. बटण दाबल्यावर पॅनलवर एक दिवा नाही, बीप नाही, आतून पंपाची घरघरही नाही. ओट्याखाली बसवलेलं, समोरून उघडणारं १३ सेटचं यंत्र आहे. चार वर्षं झाली, वॉरंटी संपली आहे.

काल संध्याकाळी वादळात लाइट तीन-चारदा गेली-आली. तेव्हा यंत्र चालू नव्हतं, पण प्लग लावलेला होता आणि स्विचही वर होता.

आतापर्यंत एवढं तपासलंय. डीबीत, म्हणजे घराच्या मुख्य वीजपेटीत, याचा स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) आहे, तो वर आहे. आरसीसीबीही (विजेची गळती झाली की पडणारा स्विच) वर आहे. ओट्यावरच्या स्विचचा लाल इंडिकेटर लागतो. सिंकखालच्या सॉकेटमध्ये उजव्या भोकात टेस्टर पेटतो. पाण्याचा कॉक उघडा आहे. दार लावताना खट् असा आवाज येतो. प्लग अर्धा तास काढून ठेवला आणि परत लावला, काही फरक नाही.

मेकॅनिकने फोनवरच सांगितलं, "पीसीबी उडाला, वादळात होतं असं, नवीन टाकावा लागेल." पीसीबी म्हणजे यंत्राचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, तो महाग आहे, त्यामुळे मागवण्याआधी खात्री करून घ्यायची आहे. घरी मल्टिमीटर आहे आणि तो मला वापरता येतो. काय बघू, कोणत्या क्रमाने बघू?


वायरमन_मल्हारगंज | शनिवार, सकाळी ९.२५

ताई, बोर्ड मागवू नका. वीज यंत्रापर्यंत पोहोचते की नाही, हेच अजून ठरलेलं नाही.

टेस्टर पेटला म्हणजे फेज, वीज आणणारी तार, आला एवढंच कळतं. टेस्टरच्या आत निऑनचा बारीक दिवा असतो आणि त्याला जोडून एक मोठा रेझिस्टर. तो पेटायला एका मिलिअँपिअरच्याही आतला करंट पुरतो, आणि तो करंट तुमच्या अंगातून जमिनीत जातो. न्यूट्रलशी, म्हणजे परतीच्या तारेशी, त्याचा काही संबंध नाही. लाल इंडिकेटरचंही तसंच आहे. तो आपला न्यूट्रल ओट्यावरच्या स्विचबोर्डातून घेतो. सिंकखालच्या सॉकेटला न्यूट्रल तिथून पुढच्या वायरने जातो. त्या पुढच्या वायरचा स्क्रू जळाला असेल तर वर दिवा लागेल, खाली टेस्टर पेटेल आणि यंत्र मात्र मेल्यासारखं पडून राहील.

डिशवॉशरच्या सॉकेटमध्ये हा बिघाड फार दिसतो. २००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढतो. मिक्सर दोन मिनिटं चालून थांबतो, पण हे यंत्र एका फेरीत दोन-तीनदा पाणी तापवतं आणि दर वेळी दहा-पंधरा मिनिटं सलग तापवतं. त्यात सिंकखालची ओल. स्क्रू किंचित सैल असला की तिथे उष्णता धरते, तांबं काळं पडतं, काळ्या तांब्यातून करंट नीट जात नाही, म्हणून ते आणखी तापतं. हे सगळं सॉकेटच्या पाठीमागे चालतं, पुढून प्लास्टिक पांढरंशुभ्र दिसतं.

आता क्रम सांगतो.

स्विच बंद करून प्लग काढा आणि पिना उजेडात धरा. एखादी पिन तपकिरी किंवा निळसर पडली आहे का, तिच्या मुळाशी प्लास्टिक फुगलं आहे का, जळका वास येतो का ते बघा. वास नाकाजवळ नेऊनच घ्या, लांबून कळत नाही.

मग मल्टिमीटर एसी ७५० किंवा ६०० व्होल्टवर ठेवून, स्विच चालू करून सॉकेटमध्ये तीन मापं घ्या. फेज-न्यूट्रल २२० ते २४० यायला हवं. फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत.

इथे बहुतेक जण थांबतात, आणि इथेच फसगत होते. डिजिटल मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. जळक्या, कोळसा झालेल्या सांध्यातूनही तो बिनदिक्कत २२५ व्होल्ट दाखवेल. म्हणून तेच माप लोडवर, म्हणजे भरपूर करंट ओढणारी वस्तू लावून घ्यायचं. सॉकेटला चांगला मल्टिप्लग लावा, त्यात १००० वॅटची इस्त्री आणि शेजारच्या भोकांत मीटरच्या काड्या. इस्त्री पूर्ण गरमवर ठेवून दहा-पंधरा सेकंद आकडा बघा. व्होल्टेज दोन ते पाच व्होल्ट उतरलं तर लाइन ठीक. दहाच्या पुढे उतरलं तर वाटेत कुठे तरी सांधा सैल आहे. इस्त्रीचा दिवाच लागला नाही आणि आकडा कोसळला तर दोष तिथेच. मोबाईलचा चार्जर लावून सॉकेटची परीक्षा करू नका. तो पाच-दहा वॅटचा असतो, अर्धवट जळालेल्या सांध्यावरही चालतो.

मीटर नसणाऱ्यांसाठी : इस्त्री लावून, चालू ठेवून टेस्टर न्यूट्रलच्या भोकात घाला. तिथेही पेटला तर न्यूट्रल तुटला आहे. फेज इस्त्रीच्या कॉइलमधून फिरून न्यूट्रलच्या पिनेवर आलेला असतो.

आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.


सोल्डर_फ्लक्स | शनिवार, सकाळी १०.१०

वायरमनदादांनी सांगितलेलं आधी करा. तिथे सगळं ठीक निघालं तरच यंत्राकडे वळायचं. आतला क्रम असा असतो : वायर आणि प्लग, टर्मिनल, नॉइज फिल्टर (लाइनमधला विजेचा गोंगाट गाळणारा भाग), मग बोर्ड, आणि बोर्डापासून दारातल्या पॅनलपर्यंतची तारांची जुडी.

स्क्रू न उघडता दोन गोष्टी कळतात.

पहिली, प्लग काढलेला असताना पिनांवर ओहम मोजा. फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये काही शे किलोओहम आले तर वायर आणि फिल्टर शाबूत आहेत, कारण फिल्टरमधल्या कपॅसिटरला समांतर एक रेझिस्टर असतो आणि तोच मीटरला दिसतो. जवळजवळ शून्य आलं तर आत शॉर्ट आहे, प्लग परत लावू नका. काहीच आलं नाही तर आधी पॉवरचं बटण दाबून बघा. काही यंत्रांत ते खटक्याचं असतं आणि दोन्ही तारा तोडतं. अर्थची पिन आणि आतला स्टीलचा पत्रा यांच्यात एक ओहमच्या आत यायला हवं. फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांत काहीही येता कामा नये.

दुसरी, पॅनल दारात असेल तर दार उघडझाप करताना तारांची जुडी दर वेळी बिजागरीपाशी वाकते. दिवसातून चार वेळा धरलं तर चार वर्षांत जवळजवळ सहा हजार वेळा. तार आतून तुटते, वरचं प्लास्टिक मात्र साबूत राहतं. वीज चालू ठेवून दार अगदी हळू उघडा, मिटा. एखाद्या कोनात पॅनल क्षणभर लुकलुकलं तर तार तिथे गेली आहे. सोमवारी चालतं आणि मंगळवारी नाही, असं वागणारं यंत्र बहुतेक वेळा या तारेमुळेच तसं वागतं. जुडी पूर्ण बदलणं उत्तम. जोड द्यायचाच तर तो वाकणाऱ्या जागेपासून दूर द्या, सोल्डरचा कडक सांधा वाकीत ठेवला तर शेजारी परत तुटतो.

आता बोर्ड. वादळात खरंच उडतो, पण उडण्याची खूण सोडून जातो. पॉवर जिथे आत येते तिथे चकतीसारखा व्हेरिस्टर असतो, बऱ्याचदा निळा, अंगावर ४७१ सारखा आकडा. जास्त व्होल्टेज आलं तर तो फुटतो किंवा काळा पडतो. त्याच्या जवळचा फ्युजिबल रेझिस्टर (फ्यूजसारखा जळणारा) ओपन होतो, म्हणजे आतून तुटतो. कपॅसिटरचं डोकं फुगतं. पॉवर सप्लायच्या छोट्या आयसीला, म्हणजे चिपला, बारीक खड्डा पडतो. यातलं काहीच नसेल तर "बोर्ड उडाला" हा निव्वळ अंदाज आहे.

बोर्ड उघडणाऱ्यांना कळकळीने सांगतो. यातल्या पुष्कळ बोर्डांचा पॉवर सप्लाय मेनपासून वेगळा केलेला नसतो. ज्या बाजूला ५ आणि १२ व्होल्ट लिहिलेले असतात तीही बाजू थेट २३० शी जोडलेली असू शकते. चालू बोर्डाला कुठेही बोट लावू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी उरतो. पाच मिनिटं थांबा, मोजा, मगच हात घाला.

आणि बोर्ड बदलायची वेळ आलीच तर दाराच्या कडेवरच्या पट्टीवरचा पूर्ण मॉडेल नंबर द्या, खालच्या बारीक अक्षरांसकट. तोच बोर्ड वेगवेगळ्या मॉडेलांत जातो, पण आतला प्रोग्राम वेगळा असतो. कोरा बोर्ड बसवला तर यंत्र दिवे लावून गप्प बसतं.


ओटा_मोरी | शनिवार, सकाळी १०.४५

ताईंचं पॅनल पूर्ण बंद आहे, पण हाच प्रश्न घेऊन "दिवे लागतात, सुरू होत नाही" असंही पुष्कळ जण विचारतात. त्यांच्यासाठी थोडक्यात. स्क्रीनवर कुलूप किंवा किल्ली दिसत असेल तर चाइल्ड लॉक आहे. तास दिसत असतील तर डिले, म्हणजे उशिरा सुरू व्हायची वेळ, लागला आहे. काही यंत्रांत स्टार्ट दाबल्यावर तीन-चार सेकंदांतच दार लावावं लागतं, नाहीतर आज्ञा रद्द होते. कढईचा कान किंवा खालच्या जाळीचं चाक दाराला अडत असेल तर दार लागल्यासारखं दिसतं, पण कडीतला मायक्रोस्विच दबत नाही. वरची कड दोन्ही हातांनी आत रेटून बघा. मीठ संपल्याचा दिवा लागला म्हणून यंत्र अडत नाही.

वरच्या मजल्यावर टाकीच्या लगेच खाली राहणाऱ्यांनी पाण्याचा दाब बघावा. आपल्याकडे नर्मदेचं पाणी आधी हौदात, तिथून गच्चीवरच्या टाकीत, आणि यंत्राला मिळतं ते टाकीच्या उंचीवर. दहा मीटर उंचीला साधारण १ बार. टाकी तीनच मीटर वर असेल तर ०.३ बार, आणि बऱ्याच यंत्रांना किमान ०.५ लागतो. असं यंत्र सुरू होतं, पाण्याची वाट बघतं आणि कोड देऊन थांबतं. घरातले म्हणतात सुरूच होत नाही. त्या लाइनला छोटा प्रेशर पंप हाच उपाय, आणि इनलेट होजच्या तोंडाशी असलेली बारीक जाळी दर दोन महिन्यांनी धुणं.


राजेंद्रनगर_इंदूर | शनिवार, दुपारी १२.२०

आकडे देते.

लोड नसताना फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ २२७, न्यूट्रल-अर्थ १ च्या आत.

इस्त्री लावली, दिवा लागला नाही. फेज-न्यूट्रल ९ व्होल्ट. फेज-अर्थ मात्र २२६ च राहिलं. टेस्टर न्यूट्रलच्या भोकातही पेटला.

प्लगची न्यूट्रलची पिन मुळाशी तपकिरी आहे, फेजची स्वच्छ. वास नाही.

पिनांवर ओहम : फेज-न्यूट्रल ६८० किलोओहम, अर्थ ते पत्रा ०.४, बाकी दोन्हींत काही नाही.

म्हणजे यंत्र ठीक आहे असं समजू का? आणि हे वादळानेच झालं का?


वायरमन_मल्हारगंज | शनिवार, दुपारी १२.५०

मापं अगदी व्यवस्थित घेतलीत. इस्त्री लावल्यावर फेज-अर्थ २२६ वर टिकलं, म्हणजे फेजची वाट धडधाकट. फेज-न्यूट्रल ९ वर आलं, म्हणजे न्यूट्रल गेला. सॉकेटच्या पाठीमागचा न्यूट्रलचा स्क्रू, किंवा वरच्या स्विचबोर्डातून खाली निघणारा जोड. पिन तपकिरी आहे म्हणून माझा कौल सॉकेटला.

वादळाचा दोष थोडाच. हा सांधा कित्येक महिने जळत आला असणार. तो रोज तापून फुगायचा, निवून आकसायचा, आणि एका निवण्यात शेवटचा स्पर्शही सुटला. वादळ त्याच दिवशी आलं, एवढंच.

उघडण्याआधी मेन आयसोलेटर (पूर्ण घराची वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडा, नुसता एमसीबी नाही. सिंगल पोलचा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि डीबीत न्यूट्रलची गल्लत झालेली असेल तर तो न्यूट्रल निर्धोक नसतो. मेन पाडल्यावरही सॉकेटमध्ये एकदा मीटर घालून शून्य बघा. हात चालत नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, पण पुढच्या गोष्टी त्याच्याकडून करून घ्या :

सॉकेट नवीन टाका, १६ अँपिअरचं, आयएसआय खुणेचं. जुनं घासून परत बसवू नका, आतल्या पट्टीचा ताण उष्णतेने गेलेला असतो आणि पिनेला ती परत घट्ट धरत नाही.

वायरचा जळका भाग पूर्ण कापा. तांबं सोलल्यावर गुलाबी-लाल चमकायला हवं. काळं किंवा ठिसूळ असेल तर आणखी मागे कापा. चमकदार तांबं येईपर्यंत वायर अपुरी पडत असेल तर तुकडा जोडून टेप गुंडाळू देऊ नका, वरच्या स्विचबोर्डापासून नवीन ओढा. २.५ चौरस मिलिमीटर तांबं पुरतं.

वायरच्या टोकाला पिन थिंबल (धागे एकत्र धरणारी धातूची बारीक टोपी) दाबून मग स्क्रूखाली घाला. सुटे धागे थेट स्क्रूखाली पिळले की अर्धे बाजूला सरकतात आणि उरलेल्या अर्ध्यांवर सगळा भार येतो. आठवड्याने मेन बंद करून तोच स्क्रू एकदा परत आवळा. नवीन तांबं दबतं, पाव फेरा हमखास बसतो.

यंत्राचा प्लगही बदला. तपकिरी पिन नव्या सॉकेटला सहा महिन्यांत जाळते. थिंबल आणि प्लग दोन्ही महाराणी रोडवर मिळतील.


राजेंद्रनगर_इंदूर | रविवार, दुपारी १.१५

दादा, सॉकेटच होतं. न्यूट्रलच्या स्क्रूपाशी वायरचे धागे कोळशासारखे हातात मोडले. इलेक्ट्रिशियनने नवीन वायर ओढली, थिंबल लावले, सॉकेट आणि प्लग दोन्ही बदलले. इस्त्रीवर आता २२८ चं २२५ होतं.

पॅनल लगेच लागलं. पण आता नवीन अडचण. वायरचा पाइप यंत्राच्या मागून जातो, म्हणून यंत्र बाहेर ओढावं लागलं. पुढचे पाय टाइलच्या पट्टीला अडकत होते, तेव्हा यंत्र मागे कलवून उचललं. आता चालू केलं की कोणताही प्रोग्राम न लावता पंप सुरू होतो आणि थांबतच नाही. स्क्रीनवर बिघाडाचा एक कोड येतो, पाणी आत येत नाही. हे आधी नव्हतं. आता तरी बोर्ड का?


सोल्डर_फ्लक्स | रविवार, दुपारी १.५०

नाही, आताही बोर्ड नाही. यंत्र कलवलं तेव्हा तळातलं पाणी खालच्या ट्रेमध्ये सांडलं.

गाळणीखालच्या खळग्यात नेहमीच थोडं पाणी उरतं, ते तसंच असायचं असतं. यंत्राच्या अगदी तळाशी, स्टीलच्या टबाच्या खाली, आणखी एक प्लास्टिकचा ट्रे असतो, तो मात्र कायम कोरडा हवा. त्यात पांढऱ्या थर्माकोलचा एक तुकडा ठेवलेला असतो आणि त्याच्यावर मायक्रोस्विच. गळती झाली की थर्माकोल तरंगतो, स्विच दाबतो, आणि बोर्ड दोनच गोष्टी करतो : पाणी आत घेणं बंद आणि पंप कायम चालू. घरात पूर येऊ नये म्हणून केलेली सोय आहे. पंप टबातलं पाणी ओढतो, ट्रेमधलं नाही, त्यामुळे तो तासभर चालला तरी स्विच सुटणार नाही. बॉश आणि सीमेन्समध्ये याचा कोड ई-१५, एलजीत एई, सॅमसंगमध्ये एलसी.

करायचं असं. प्लग काढा, पाण्याचा कॉक बंद करा. आधी गाळणी काढून खळग्यातलं पाणी स्पंजने पूर्ण टिपा. यंत्र बाहेर ओढण्याआधी हे करायला हवं होतं. पुन्हा कधी सरकवाल तेव्हा लक्षात ठेवा. जाळ्या बाहेर काढा. मग पुढची खालची पट्टी काढा, दोन किंवा चार स्क्रू असतात, काहींना चांदणीच्या खाचेचे म्हणजे टी-२० बिटचे. टॉर्चने आत बघा, ट्रेमध्ये पाणी दिसेल. हात पोहोचला तर स्पंजने, नाहीतर नळी लावलेल्या मोठ्या सिरिंजने काढा. पत्र्याच्या कडा धारदार असतात, जाड हातमोजे घाला.

तसं जमत नसेल तर जमिनीवर जुनी चादर पसरून दोघांनी धरून यंत्र पुढे सुमारे ४५ अंशांत कलवा, दार पट्टीने बंद करून. पाणी पुढच्या कडेवरून येईल. मग पंख्यासमोर तीन-चार तास ठेवा. ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर, गरम हवेने थर्माकोल आकसतो आणि पुढे खरी गळती झाली तर तो तरंगणार नाही.

आता एक परीक्षा नक्की करा, नाहीतर सांडलेलं पाणी होतं की गळती, हे कळणार नाही. ट्रेमध्ये कोरडा टिश्यू पेपर पसरा, थर्माकोलच्या तुकड्यापासून लांब. सगळ्यात छोटा प्रोग्राम रिकाम्या यंत्रावर लावा. संपल्यावर टॉर्चने बघा. टिश्यू कोरडा असेल तर सांडलेलंच पाणी होतं, विषय संपला. ओला झाला तर तो कुठे ओला झाला ते बघा. पुढून ओला असेल तर दाराच्या खालच्या रबरावर संशय घ्या. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांत तिथे पांढरी खर धरते आणि रबर नीट बसत नाही. व्हिनेगरच्या फडक्याने पुसून काढा. मधोमध ओला असेल तर पंपाची आणि खळग्याची जोडणी. मागून ओला असेल तर इनलेटचा पाइप. फेस दिसला तर गळती नाहीच, कुणीतरी हाताने भांडी घासायचं लिक्विड घातलं आहे. फेस दाराच्या फटीतून उतरतो आणि ट्रेमध्ये जाऊन त्याचं पाणी होतं.


राजेंद्रनगर_इंदूर | रविवार, रात्री ९.०५

खालची पट्टी काढून सिरिंजने पाणी काढलं, मोजलं तर ३५० मिली भरलं. स्वच्छ होतं, फेस नाही. चार तास पंख्यापुढे ठेवलं. कोड गेला, पंप थांबला. छोटा प्रोग्राम रिकामा चालवला, टिश्यू कोरडा. आता रात्रीची भांडी लावली आहेत, हीटर चालू असताना प्लगला हात लावून बघितला, कोमटसुद्धा नाही.

एकच विचारायचं राहिलं. पुढच्या वादळासाठी या लाइनवर स्टॅबिलायझर लावू का?


वायरमन_मल्हारगंज | रविवार, रात्री ९.४०

स्टॅबिलायझर नको. २२०० वॅटसाठी किमान ३ केव्हीएचा लागेल, सिंकखाली त्याला जागा नाही आणि ओलीत ठेवायची ती वस्तू नाही. वादळात खरा धोका असतो खांबावरचा न्यूट्रल तुटण्याचा. तेव्हा घरात २३० ऐवजी ४०० च्या जवळपास येऊ शकतं, आणि त्या झटक्यापुढे साधा स्टॅबिलायझर टिकत नाही.

डीबीत ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, एमसीबीसारखाच पट्टीवर बसतो, आकडा दाखवतो. पूर्ण घराला लावायचा तर ६३ अँपिअरचा, मेननंतर. वरची मर्यादा २६५, खालची १८०. लाइट परत आल्यावर लगेच जोडू नये म्हणून डिले ६० सेकंदांवर ठेवा. सुरुवातीचे दोन-तीन हेलकावे त्यात निघून जातात. विजेच्या कडकडाटासाठी त्याच्या शेजारी टाइप-२ चा सर्ज प्रोटेक्टर लागतो, आणि तो अर्थिंग नीट असेल तरच काम करतो. तुमचं न्यूट्रल-अर्थ १ च्या आत आलं ही चांगली खूण आहे, तरी बसवताना इलेक्ट्रिशियनला अर्थचा रेझिस्टन्स मोजायला सांगा. ५ ओहमच्या आत आला तर निश्चिंत बसवा.